मुमू : पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ मुलखातील तापल्या दगडांचा स्वयंपाक – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जमिनीत खड्डा घेऊन, लाकडाच्या जाळावर तापवलेल्या दगडांच्या धगीत अन्न शिजवण्याची पद्धत जगात अनेक ठिकाणी आढळते. पापुआ न्यू गिनीच्या मध्यवर्ती पर्वतरांगांत मात्र ती आजही सणासमारंभाचा कणा आहे. खुल्या जाळावर मांस भाजण्याचा हा एक आदिम प्रकार आहे, अशी अनेकांची समजूत असते. ती चुकीची आहे, आणि ती दूर व्हावी या हेतूने पुढील उत्तरे थोडी सविस्तर लिहिली आहेत.

मुमू म्हणजे नेमके काय, आणि तो कोठे करतात?

टोक पिसिन या पापुआ न्यू गिनीच्या संपर्कभाषेत या भट्टीलाही मुमू म्हणतात आणि तिच्यात शिजलेल्या अन्नालाही. देशात आठशेहून अधिक भाषा बोलल्या जातात, त्यामुळे प्रत्येक खोऱ्यात या पद्धतीला स्वतःचे वेगळे नाव आहे. खोऱ्याबाहेरच्या माणसाशी बोलताना मात्र मुमू हाच शब्द वापरतात. मुमू किनारपट्टीवर आणि बेटांवरही होतो. येथे विचार केला आहे तो गोरोका, सिंबू, वाहगी खोरे, माउंट हेगन, एंगा आणि तारी या उंचावरील भागांचा. माउंट हेगन शहर सुमारे १,६७० मीटर उंचीवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखराहून (१,६४६ मीटर) किंचित वरच. विषुववृत्ताच्या इतक्या जवळ असूनही तेथील रात्री थंड असतात, पाऊस भरपूर पडतो आणि दऱ्याखोऱ्यांत दाट वस्ती आहे.

सीमेपलीकडे, इंडोनेशियाच्या ताब्यातील पापुआमध्ये, बालिएम खोऱ्यातील दानी लोक हाच स्वयंपाक करतात. तेथे त्याला इंडोनेशियन भाषेत ‘बाकार बातू’ म्हणतात.

भांडी नव्हती म्हणून लोक असे शिजवत होते का?

हे अर्धेच खरे आहे. मध्य डोंगराळ भागातील बहुतेक समाजांत मातीची भांडी घडवण्याची परंपरा नव्हती, त्यामुळे पाण्यात उकळून शिजवणे हा तेथील रोजच्या स्वयंपाकाचा भाग नव्हता. रोजची रताळी चुलीच्या गरम राखेत पुरून भाजत, आणि पाला किंवा मांसाचे तुकडे हिरव्या बांबूच्या नळीत भरून ती नळी आगीवर फिरवत. परंतु १९३०च्या दशकात बाहेरच्या जगाशी संपर्क आल्यानंतर अॅल्युमिनियमची पातेली घरोघरी पोहोचली, तरी मुमू बंद पडला नाही. रोजचे अन्न पातेल्यात गेले आणि समारंभाचे खड्ड्यातच राहिले. यावरून असे दिसते की मुमू ही भांड्यांअभावी केलेली तडजोड नव्हती. शंभर-दोनशे माणसांचे अन्न एकाच वेळी, एकसारखे आणि ढवळत न बसता शिजवण्याचा याहून सोपा उपाय त्या मुलखात आजही नाही.

दगड कोणते वापरतात? कोणताही दगड चालतो का?

कोणताही दगड चालत नाही. सगळ्या पद्धतीत सर्वाधिक जाणकारी लागते ती येथेच. दगड घट्ट, जड आणि एकसंध असावा लागतो, आणि त्याचा आकार साधारणपणे दोन मुठींपासून नारळाएवढा असावा. फार मोठा दगड आतपर्यंत तापायला वेळ घेतो आणि उचलताना हाताबाहेर जातो, तर फार लहान दगड लगेच निवतो. ज्वालामुखीजन्य खडकाचे गोटे पसंत केले जातात. पापुद्रे सुटणारा, भेगा पडलेला किंवा सच्छिद्र दगड टाळतात, कारण त्याच्या छिद्रांत शिरलेल्या पाण्याची आगीत वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि दगड आवाज करून फुटतो. फुटलेल्या दगडाची कपची डोळ्याला लागण्याची भीती असते, म्हणून दगड तापत असताना लहान मुलांना आगीपासून दूर ठेवतात.

चांगला ठरलेला दगड टाकून देत नाहीत. अनेक मुमूंतून तावून निघालेले दगड भट्टीजवळच रचून ठेवले जातात आणि पुन्हा पुन्हा वापरले जातात. जो दगड अनेकदा तापूनही फुटला नाही, तो पुढेही बहुधा दगा देत नाही. सतत तापून-निवून शेवटी जे तडकतात, त्यांचे तुकडे खड्ड्याभोवती साचतात. पुरातत्त्वज्ञांना जगभरातील प्राचीन वसाहतींमध्ये अशा भट्ट्या ओळखता येतात त्या बऱ्याचदा या तडकलेल्या, काळवंडलेल्या दगडांमुळेच.

लाकूड कोणते वापरतात आणि दगड किती वेळ तापवतात?

डोंगराळ भागात सरपणासाठी सुरूच्या जातीचे झाड फार महत्त्वाचे आहे. टोक पिसिनमध्ये त्याला ‘यार’ म्हणतात. आपल्या कोकण किनाऱ्यावर जे सुरूचे बन दिसते, त्याच कुळातील पण डोंगरात वाढणारी ही जात आहे. तेथील शेतकरी जमीन पडीक ठेवताना ही झाडे मुद्दाम लावतात, कारण त्यांच्या मुळांवरील गाठींमुळे जमिनीत नत्र साठते. काही वर्षांनी झाडे तोडून त्याच जागी पुन्हा शेती करतात. त्यामुळे मातीचा कस वाढवणारे झाडच पुढे भट्टीचे सरपण होते. सुरूचे लाकूड जड असते आणि त्याची धग तीव्र असते.

चिरलेल्या लाकडांची चौकट आडवी-उभी रचतात, तिच्यावर दगड मांडतात आणि खालून पेटवतात. कोठे ही रास खड्ड्यातच पेटवतात, कोठे शेजारी. साधारणपणे एक ते दोन तासांत लाकूड जळून खाली बसते आणि दगड निखाऱ्यांत येतात. दगडांवर आधी काळी काजळी धरते, आणि ते आणखी तापल्यावर ती काजळी जळून दगड पुन्हा उजळ, पांढुरके दिसू लागतात. दगड उचलायची वेळ झाली, हे जाणकार माणूस यावरून ओळखतो.

खड्ड्यात थर कसे लावतात?

घरच्यापुरता मुमू हात-दीड हात रुंदीच्या खड्ड्यात होतो. मोठ्या समारंभासाठी मात्र लांबच लांब चर खणतात, आणि एकाच मैदानात अनेक कुळांचे चर शेजारी शेजारी असतात. खड्ड्याच्या तळाशी तापलेल्या दगडांचा एक थर बसवतात. दगड उचलायला लोखंडी सांडशी लागत नाही. लांब काठी टोकाकडून उभी चिरून तिचाच चिमटा करतात, आणि माणूस त्यात दगड धरून भराभर पावले टाकत खड्ड्याकडे जातो. दगडांवर केळीची पाने अशी अंथरतात की ती खड्ड्याच्या काठाबाहेर सर्व बाजूंनी लोंबत राहतील, कारण शेवटी हीच टोके आत दुमडून भट्टी झाकायची असते. दगडाला पान टेकले की चर्र आवाज होतो, पान क्षणात गर्द हिरवे आणि मऊ पडते, आणि खड्ड्यातून हिरव्या पानाचा ओलसर वास येऊ लागतो.

त्यानंतर शिजायला वेळ घेणारे कंद येतात: रताळी, आळूचे कंद, कोनफळाच्या जातीचे कंद, कच्ची केळी. त्यांवर पालेभाज्यांचा जाड थर असतो. टोक पिसिनमध्ये पाल्याला एकत्रितपणे ‘कुमू’ म्हणतात. त्यात भेंडीच्या कुळातील ‘आयबिका’, भोपळ्याच्या वेलीचे कोवळे शेंडे, चौधारी घेवडा आणि आता कोबीही असतो. मांस पाल्याच्या मध्ये किंवा वर ठेवतात. त्याची चरबी वितळून खालच्या पाल्यात आणि रताळ्यांत उतरते, आणि पुष्कळांच्या मते मुमूतील सर्वांत चवदार घास मांसाचा नसून त्या पाल्याचा असतो. मांसाभोवती नेच्यांची पाने गुंडाळतात, ती रस शोषून घेतात. डुक्कर अखंड पसरून ठेवायचे असेल तर त्याच्या पोटाच्या पोकळीत पानात गुंडाळलेले तापते दगड घालतात, म्हणजे जाड मांस दोन्ही बाजूंनी शिजते.

थरांच्या मध्ये आणि सर्वांत वर पुन्हा दगड मांडतात. बाहेरची पाने दुमडून त्यांवर आणखी पाने घालतात, एका बाजूने थोडे पाणी ओततात, आणि वाफ उसळताच वरून माती लोटून सर्व बाजू बंद करतात. कोठूनही वाफ निसटताना दिसली की तेथे मूठभर माती टाकून फट बुजवतात. लहान मुमू दीड ते दोन तासांत होतो, अख्ख्या डुकराला तीन तास किंवा अधिक लागतात.

मध्येच उघडून पाहता येते का?

नाही. एकदा माती बाजूला केली की वाफ जाते, आणि गेलेली वाफ परत आणायला नवे तापते दगड लागतात. म्हणून अंदाज आधीच बांधावा लागतो, आणि तो दगडांच्या संख्येवर, लाकडाच्या जातीवर, मांसाच्या जाडीवर आणि जमिनीच्या ओलीवर अवलंबून असतो. पावसाने भिजलेली जमीन बरीच उष्णता पिऊन टाकते, म्हणून अशा दिवशी दगड अधिक घेतात. लागोपाठ दुसरा मुमू त्याच खड्ड्यात लावला तर तो लवकर होतो, कारण माती आधीच तापलेली असते.

एवढ्या दगडांत खरोखर पुरेशी उष्णता असते का?

असते, आणि ती साध्या हिशेबाने दाखवता येते. एक किलो दगडाचे तापमान एक अंशाने उतरले की सुमारे ०.८५ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. पन्नास किलो दगड ५०० अंश सेल्सिअसवरून १०० अंशांपर्यंत निवले, तर सुमारे १७,००० किलोज्यूल उष्णता मिळते. तीस किलो कंद, पाला आणि मांस २० अंशांवरून ९५ अंशांवर न्यायला त्यातील साधारण आठ हजार किलोज्यूल पुरतात. उरलेली उष्णता पाण्याची वाफ करण्यात, पाने आणि माती तापवण्यात आणि तास-दोन तास ती धग टिकवण्यात जाते. माती उष्णतेची मंद वाहक असल्याने झाकण आणि भिंत अशी दोन्ही कामे तीच करते.

मुमू कोरड्या धगीचा की वाफेचा, या प्रश्नाचे उत्तर म्हणजे तो दोन्हींचा आहे. दगडाजवळचा भाग भाजला जातो आणि त्याला खमंगपणा येतो, तर मधला भाग वाफेवर शिजतो. ही वाफ बंदिस्त असली तरी प्रेशर कुकरसारखी दाबाखाली नसते. १,६०० मीटर उंचीवर पाणी सुमारे ९५ अंशांवर उकळते, त्यामुळे वाफेचे तापमानही तेवढेच राहते. या तापमानात जून डुकराचे चिवट मांस मऊ होते ते वेळेमुळे: मांसातील स्नायूबंध मंद आचेवर हळूहळू विरघळतात आणि मांस हाडापासून सुटते.

मुमूतील रताळी इतकी गोड का लागतात?

रताळ्यात पिष्ट असते, आणि त्या पिष्टाची साखर करणारे विकरही असते. साधारण ६० ते ७५ अंशांच्या दरम्यान पिष्ट मऊ पडू लागते आणि विकर अजून कार्यरत असते. तापमान याच पट्ट्यात जितका अधिक वेळ राहील, तितकी माल्टोज साखर जास्त तयार होते. उकळत्या पाण्यात टाकलेले रताळे हा पट्टा झटकन ओलांडते, तर मुमूच्या मधल्या थरातील रताळे सावकाश ओलांडते. गोडी त्यातून येते.

रताळ्याला तेथे ‘काउकाउ’ म्हणतात, आणि उंचावरील माणसांचे व डुकरांचेही ते मुख्य अन्न आहे. मूळ दक्षिण अमेरिकेचे हे पीक या डोंगरांत गेल्या तीन-चारशे वर्षांत रुजले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. शेती मात्र त्याच्या हजारो वर्षे आधीपासून आहे. वाहगी खोऱ्यातील कूक येथील दलदलीत पाण्याचा निचरा करणारे प्राचीन चर सापडले आहेत, आणि आळू व केळी यांच्या लागवडीचा किमान सात हजार वर्षांचा पुरावा मिळाला आहे. युनेस्कोने २००८मध्ये या स्थळाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. रताळे उंचावरच्या थंडीत आळूपेक्षा चांगले वाढते. ते आल्यावर वस्ती वरच्या उतारांवर सरकली, डुकरांचे कळप वाढले आणि मोठे समारंभ शक्य झाले.

डुक्कर इतके महत्त्वाचे का? ते रोज खातात का?

रोज मुळीच खात नाहीत. पाळलेले डुक्कर ही संपत्ती आहे. ते वर्षानुवर्षे वाढवले जाते, बहुतेक वेळा स्त्रियांच्या श्रमावर, आणि कापले जाते ते लग्नासाठी, अंत्यविधीसाठी, भांडणाच्या तडजोडीसाठी किंवा कुळांमधील देवाणघेवाणीसाठी. माउंट हेगनच्या मेल्पा लोकांमधील ‘मोका’ आणि एंगामधील ‘ते’ या मोठ्या देवाणघेवाणीत एक गट दुसऱ्याला डुकरे देतो, घेणारा पुढे केव्हातरी अधिक परत करतो, आणि देणाऱ्याची प्रतिष्ठा दिलेल्या गोष्टींवरून ठरते. पूर्वी डुकरांबरोबर समुद्रातील किना नावाचे शिंपलेही देत. १९७५मध्ये देश स्वतंत्र झाला, त्याच वर्षी आलेल्या राष्ट्रीय चलनाला त्या शिंपल्यावरूनच किना हे नाव मिळाले.

कामाची आणि अन्नाची वाटणी कशी होते?

खड्डा खणणे, लाकूड फोडणे, दगड हलवणे आणि डुक्कर कापणे ही कामे परंपरेने पुरुषांकडे असतात, तर कंद काढणे, सोलणे, पाला निवडणे आणि आतडी स्वच्छ धुणे हे स्त्रियांकडे. थर लावताना बहुतेक ठिकाणी सगळेच खड्ड्याभोवती असतात. भट्टी उघडल्यावर प्रत्येकाने हवे ते उचलून घ्यायचे, असे कधीच होत नाही. मांसाचे वाटे पाडले जातात, नाव घेऊन बोलावले जाते, आणि कोणाला कोणता भाग मिळाला हे सर्वांसमक्ष ठरते. ज्याच्याकडून पूर्वी मदत झाली, ज्याची मुलगी आपल्या घरात आली, ज्याच्याशी वाद मिटवायचा आहे, त्या सर्वांचा वाटा लक्षात ठेवावा लागतो. पुष्कळदा पाहुणा आपला वाटा तेथे न खाता पानात बांधून गावी नेतो आणि तेथे त्याचे पुन्हा वाटे करतो. माझ्या दृष्टीने मुमूचे खरे कौशल्य शिजवण्याइतकेच या वाटपात आहे, आणि बाहेरून पाहणाऱ्याच्या नजरेतून नेमके तेच निसटते.

मुमू शाकाहारी असू शकतो का?

असू शकतो, आणि असतोही. काउकाउ, आळूचे कंद, भोपळा आणि पाला एवढ्यावर घरगुती मुमू सहज होतो. डोंगराळ भागात सेव्हन्थ-डे अॅडव्हेंटिस्ट पंथाचे अनेक अनुयायी आहेत. ते डुक्कर खात नाहीत. त्यांच्या मुमूत कोंबडी, मटण किंवा केवळ भाज्या असतात. बालिएम खोऱ्यातील मुस्लिम दानी कुटुंबेही डुकराऐवजी कोंबडी वापरतात.

मसाला काय घालतात?

फारच थोडा. आले, मीठ आणि पाल्याचा स्वाद एवढेच मूळचे. मीठ पूर्वी अत्यंत मौल्यवान होते. एंगामधील खाऱ्या झऱ्यांपासून किंवा विशिष्ट वनस्पतींच्या राखेपासून ते काढत आणि दूरवर त्याचा व्यापार चाले. नारळाचे दूध ही किनाऱ्याची पद्धत आहे, कारण नारळ या उंचीवर येत नाही.

या पद्धतीने शिजवलेल्या मांसाने आजार होतात, हे खरे आहे का?

या प्रश्नाकडे गांभीर्याने पाहिले पाहिजे. डोंगराळ भागात डुकराच्या मेजवान्यांनंतर, विशेषतः लहान मुलांमध्ये, लहान आतडे सडवणारा एक जीवघेणा आजार दिसे. १९६०च्या दशकात डॉक्टरांनी त्याचे सविस्तर वर्णन केले. स्थानिक भाषेत त्याला ‘पिगबेल’ म्हणतात. क्लोस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स या जिवाणूच्या सी प्रकाराचे विष त्याला कारणीभूत असते. निरोगी आतड्यातील प्रथिने पचवणारे विकर हे विष नष्ट करते. परंतु ज्यांच्या रोजच्या आहारात प्रथिने अत्यल्प असतात त्यांच्यात हे विकर कमी असते, आणि रताळ्यातील एक घटक त्याला आणखी रोखतो. अशा मुलाने एकाएकी भरपूर मांस खाल्ले की विष निष्प्रभ होत नाही. पुढे या विषाविरुद्ध लस तयार झाली, १९८०च्या दशकात लसीकरण झाले आणि रुग्णसंख्या बरीच घटली.

म्हणजे दोष खड्ड्याचा नव्हता; कुपोषण, कापताना मांसाला लागलेली आतड्यातील घाण, जाड तुकड्यांचे अर्धवट शिजणे आणि उरलेले मांस दिवसचे दिवस कोमट राहणे ही कारणे एकत्र येत होती. जाड मांसाच्या आतील भागात किमान ७० अंश तापमान पोहोचले पाहिजे, आणि उघडल्यानंतर ते गरम असतानाच खाल्ले पाहिजे. या जिवाणूचे बीजाणू उकळत्या तापमानातही तग धरतात, म्हणून उरलेले अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जाणे आवश्यक आहे.

आपल्याकडची पोपटी हीच पद्धत आहे का?

साम्य आहे, पण पद्धत तीच नाही. रायगड जिल्ह्यात हिवाळ्यात पोपटी लावतात तेव्हा भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी किंवा कोंबडी मडक्यात भरून मडके उपडे ठेवतात आणि त्याच्याभोवती जाळ करतात. तेथे उष्णता बाहेरच्या आगीतून मडक्याच्या भिंतीतून आत येते, आणि पाणी मुळीच घालत नाहीत. मुमूत आग आधीच विझलेली असते, दगडांत साठवलेली उष्णता आतून काम करते आणि भांडे नसतेच. पाल्याच्या स्वतःच्या ओलाव्यावर आणि सुगंधावर अन्न शिजवण्याची कल्पना मात्र दोन्हीकडे सारखी आहे.

महाराष्ट्रात मुमू लावून पाहायचा असेल तर कोणती काळजी घ्यावी?

सर्वांत आधी दगड तपासावेत. सह्याद्रीचा काळा, घट्ट बसाल्ट चालतो. परंतु आपल्याकडील पुष्कळ बसाल्टात पांढऱ्या खनिजांनी भरलेल्या पोकळ्या असतात, आणि त्यांतील झिओलाइट खनिजांच्या रचनेतच पाणी असते. असा ठिपकेदार दगड, गारगोटी आणि कोकणातील सच्छिद्र जांभा हे तिन्ही भट्टीसाठी वापरू नयेत. नदीपात्रातून नुकताच काढलेला दगडही वापरू नये. तो काही आठवडे कोरड्या जागी ठेवावा, आणि पहिल्यांदा अन्नाशिवाय, दूर उभे राहून तापवून पाहावा.

खड्डा झाडाच्या मुळांपासून, वाळलेल्या गवतापासून आणि जमिनीखालच्या पाइप व केबलपासून दूर असावा. रसायनात भिजवलेले किंवा रंग दिलेले लाकूड जाळू नये. केळीची पाने अपेक्षेपेक्षा दुप्पट आणावीत, कारण माती अन्नात उतरली तर ती पानांच्या कमतरतेमुळेच. पहिला प्रयत्न रताळी, भोपळा आणि आळूचे कंद यांचाच करावा, आणि आळूचे कंद पूर्ण मऊ होईपर्यंत शिजू द्यावेत, नाहीतर घसा खाजतो.

शहरांत राहणारे लोक आजही मुमू लावतात का?

लावतात. राजधानी पोर्ट मोर्सबीमध्ये स्थलांतरित झालेली डोंगराळ भागातील कुटुंबे लग्नाला, पदवीदान समारंभाला, चर्चच्या कार्यक्रमाला मुमू लावतात. जागा कमी असल्यास कापलेले लोखंडी पिंप जमिनीवर ठेवून त्यातच दगड आणि अन्न यांचे थर लावतात. ही युक्तीही अगदी नवी नाही, कारण डोंगराळ भागात काही ठिकाणी पूर्वी पोकळ खोड किंवा झाडाची साल वापरून जमिनीवरील भट्टी करत असत. मातीऐवजी आता गोणपाट आणि ताडपत्री झाकण म्हणून येते, आणि डुकराच्या जोडीला दुकानातील गोठवलेली कोंबडी व मेंढीचे चरबीदार मांस असते.  दगड मात्र कधी कधी ओळखीच्या कुटुंबाकडून मागून आणतात आणि काम झाल्यावर परत करतात.